रॉकेट वरच चाललं होतं

हॉस्पिटलात ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख, काढायची माझी ड्यूटी चारला संपते. दोन वर्षं मी ड्यूटीनंतर पुण्यातल्या एका न्यूरोफीडबॅक केंद्रात जायचे. आपल्याच मेंदूच्या लहरी पडद्यावर बघून त्या बदलायला शिकायचं, ते न्यूरोफीडबॅक. काम तसं ओळखीचंच. डोक्याला पेस्ट लावायची, इलेक्ट्रोड चिकटवायचे. फक्त इथे रिपोर्टऐवजी गेम. संथ थीटा लहरी कमी आणि जलद बीटा लहरी जास्त झाल्या की पडद्यावरचं रॉकेट वर जातं, नाहीतर खाली येतं. अशी चाळीस सेशन्स झाली की एडीएचडीच्या, म्हणजे लक्ष न टिकणाऱ्या चंचल मुलाचं लक्ष टिकतं, असं आम्ही पालकांना सांगायचो. सोबत केंद्राचे मालक सांगायचे ती मांजरांची गोष्ट. साठच्या दशकात कॅलिफोर्नियात स्टर्मन या संशोधकांनी मांजरांना मेंदूतली एक ठरावीक लहर वाढवायला शिकवलं. पुढे रॉकेटच्या इंधनातलं विषारी रसायन दिल्यावर त्या मांजरांना फिट्स उशिरा आल्या. गोष्ट खरी आहे. पण मांजरांच्या फिट्सवरून चौथीतल्या मुलाच्या गृहपाठापर्यंत उडी मारायची म्हणजे जरा जास्तच.

त्या बुधवारी असाच चौथीतला एक मुलगा बसला होता. बाविसावं सेशन, त्यात सर्दी. मध्येच त्याला अशी शिंक आली की कानाची क्लिप उडून मांडीवर पडली.

रॉकेट वरच चाललं होतं.

"ताई, हे पडलं," म्हणून त्याने क्लिप माझ्या हातात दिली आणि परत पडद्याकडे बघायला लागला. शिंकेने ईईजीचा कसा चिवडा होतो ते मी रोज बघते. कच्च्या लहरींची खिडकी मुलं तिच्याकडेच बघत बसतात म्हणून मी झाकून ठेवायचे, ती उघडली. रेषा संथ. सेटिंगमध्ये सिग्नलच्या जागी 'डेमो'. दोन आठवड्यांपूर्वी पाहुण्यांना दाखवायला याच मुलाची फाइल उघडली होती, ती तशीच राहिलेली. म्हणजे चार सेशन्स याच्या मेंदूचा आणि त्या रॉकेटचा काही संबंध नव्हता. पेस्ट मात्र मी दर वेळी मन लावून लावली होती.

आणि त्याच सोमवारी त्याच्या आईने वही आणून दाखवली होती. शुद्धलेखनाचा अख्खा उतारा, एका बैठकीत.

अमेरिकेत हाच प्रकार मुद्दाम करून बघितलाय. 2021 साली निकाल छापून आला. 7 ते 10 वर्षांची 144 मुलं, 38 सेशन्स. काहींना स्वतःच्या लहरींवर गेम, बाकीच्यांना दुसऱ्याच मुलांच्या रेकॉर्ड केलेल्या लहरींवर. कुणाला संशय येऊ नये म्हणून त्यांत त्या मुलाच्या स्वतःच्या हालचालींची खळबळ मिसळलेली. आमच्या डेमोत एवढी हुशारी कुठली! दोन्ही गट चांगलेच सुधारले, आणि जवळजवळ सारखेच. तेरा महिन्यांनी बघितलं तेव्हाही फरक नव्हता.

मालक म्हणाले, "सेटिंग बदला, विषय संपला." मला रात्रभर झोप आली नाही. शुक्रवारी त्या मुलाच्या आईला बाहेरच्या बाकावर बसवून सगळं सांगितलं. आठवड्यातून दोनदा ऑफिसातून हाफ डे टाकून ती त्याला स्कूटरवर घेऊन यायची, चाळीस मिनिटं फोन बंद करून शेजारी बसायची. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या चार सेशन्सचे पैसे परत मिळतील ना?"

मिळाले. उरलेली अठरा मात्र तिने रद्द केली नाहीत.