सरकीची नोंद: कॅरीबॅग सुटली, चुंगडीची पट्टी सुटेना

आमच्या मांजरीने, सरकीने, कॅरीबॅग खाणे पूर्णपणे सोडले, ही बातमी या नोंदीच्या पहिल्याच ओळीत द्यायची होती. परंतु मधल्या काळात तिच्या शेपटीखाली चुंगडीच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या विणलेल्या पोत्याच्या, पांढऱ्या पट्टीचे टोक लोंबताना दिसले आणि सगळा क्रम उलटा झाला. मांजर आता सुखरूप आहे, हे आधी सांगतो. टोक ओढायचे नाही हा न खाण्याच्या वस्तू खाणारी मांजरे पाळणाऱ्या आपल्या मंडळींचा पहिला नियम पाळला, तिला झाकणाच्या टोपलीत घातले आणि सरळ अकोल्याच्या पशुवैद्यकीय संस्थेत नेले. तेथील डॉक्टरांनी पोट चाचपण्याआधी तिचा जबडा उघडला आणि अंगठ्याने खालून दाब देऊन जिभेचे मूळ तपासले, कारण दोऱ्याचे एक टोक बहुधा तेथेच अडकलेले सापडते. तेथे काही नव्हते. सोनोग्राफीत आतड्याला चुण्या पडलेल्या दिसल्या नाहीत आणि उरलेली पट्टी विष्ठेबरोबर आपोआप बाहेर पडली.

नव्याने आलेल्यांसाठी एवढे सांगणे भाग आहे की धागा, पट्टी किंवा सुतळी ही गिळणाऱ्या मांजरासाठी बटणापेक्षा किंवा रबराच्या तुकड्यापेक्षा अधिक घातक असते. तिचे एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या तोंडाशी अडकते, उरलेला भाग आतडे पुढे ढकलू पाहते, आणि नाडी ओढलेल्या परकरासारखे आतडेच त्या धाग्यावर गोळा होत जाते. पुढे तोच धागा आतड्याची भिंत कापतो. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असल्याने एकदा आत गेलेली पट्टी थुंकून टाकणे त्याला जमत नाही. प्लॅस्टिक साध्या क्ष-किरण चित्रात बहुधा दिसत नाही, म्हणून नुसत्या एक्स-रेवर समाधान मानू नये, सोनोग्राफीचा आग्रह धरावा.

कॅरीबॅगचे थोडक्यात उरकतो. राज्यात 2018 मध्ये प्लॅस्टिकबंदी आली, तरी आमच्या आठवडी बाजारात पातळ पिशवीशिवाय मिरचीसुद्धा मिळत नाही. त्यामुळे पिशवी दारातच रिकामी करून न्हाणीवरच्या डब्यात टाकायची आणि डब्याच्या झाकणावर दगड ठेवायचा, ही शिस्त घरातल्या सर्वांना लागेपर्यंत बराच वाद झाला. ती शिस्त हेच औषध ठरले. संत्र्याच्या ताज्या सालीचा वास तिला आवडत नाही हे खरे, पण साल वाळली की ती शेजारी येऊन बसते. ऑनलाइन मागवलेल्या कडू फवाऱ्याविषयी अनेकांनी विचारले होते: पैसे वाया घालवू नयेत. पहिल्या दिवशी तिने तोंड वाकडे केले, नंतर फवारलेलीच कड चाटू लागली. शेजारच्या काकांनी फिनाइलचा पोचारा आणि डांबर गोळ्या सुचवल्या. दोन्हींना मी स्पष्ट नकार दिला, कारण फिनॉलच्या जातीचे पदार्थ निष्प्रभ करण्याची मांजराच्या यकृताची क्षमता फारच तोकडी असते आणि डांबर गोळीही त्याला विषारी आहे.

आता मूळ दुखणे. शेतकऱ्याच्या घरातून पोते हद्दपार करता येत नाही. गायीला घालायची ढेप चुंगडीत, तूर चुंगडीत, युरियाची 45 किलोची गोणी सपरीत (ओसरीत), आणि भाव वाढेल या आशेने राखलेला कापूस मागच्या खोलीत गंजीने पडलेला. कापसाचे तिचे वेड जुने आहे, पण तेथे ती केवळ चोखणारी आहे. पुढच्या पंजांनी मळत, डोळे मिटून कापूस चोखते आणि ओला गोळा तसाच सोडून जाते. पट्टीच्या बाबतीत मात्र ती गिळणारी आहे. एकच मांजर दोन वस्तूंशी असे दोन प्रकारे वागते, तेव्हा 'आईपासून लवकर तोडले म्हणून' हे एकच उत्तर मला पुरेसे वाटत नाही. जंत आणि रक्ताल्पता या दोन्ही शक्यता मागच्या नोंदीत निकालात निघाल्या आहेत.

अकोल्याहून परतल्यावर मी वास, चव, फवारे हे सगळे बाजूला ठेवले आणि ती नेमकी काय करते ते अंधारात बसून पाहिले. विणीच्या सपाट भागाला ती तोंडच लावत नाही. विळ्याने कापलेल्या तोंडाशी जी सुटी पट्टी उभी असते, ती पंजाखाली दाबते, मान तिरपी करून दाढेत धरते आणि बाजूला ओढते. पट्टी विणीतून निसटताना जो करकर आवाज येतो, त्याने तिचे कान पुढे येतात. म्हणजे तिला चुंगडी नको असते, सुटे टोक हवे असते. हे लक्षात येताच उपाय घरातच सापडला. ही पोती पॉलिप्रॉपिलीनची असतात आणि ते सुमारे 160 अंशांवर वितळते. जुना विळा चुलीत तापवला, पोते सांधवाडीत (परसात) नेऊन कापलेल्या कडेवरून त्याचे पाते सावकाश फिरवले, तेव्हा पट्ट्या वितळून एकमेकींना चिकटल्या आणि कडेला तपकिरी, कडक गोट तयार झाला. पाते लाल होऊ देऊ नये, नाहीतर कड जळून ठिसूळ होते आणि तिचे कण पडतात. धूर अंगावर घेऊ नये, आणि हे काम कापसाच्या खोलीजवळ तर मुळीच करू नये. पहिल्याच रात्री सरकीने त्या गोटाचा वास घेतला, एका कोपऱ्यावर दाढ चालवून पाहिली आणि काही सुटेना म्हणून निघून गेली. त्या रात्री मला जो आनंद झाला तो घरात कोणालाही समजावून सांगता आला नाही.

युरियाच्या गोणीच्या तोंडाची शिवण हा वेगळा धोका आहे. योग्य टोक सापडले की ती दोरी एका ओढीत सरसर उलगडते, हातभर लांब पांढरा दोरा जमिनीवर पडतो, आणि कामाच्या घाईत त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. गोणी उघडणाऱ्याने दोरी आधी खिशात घालायची आणि मग खताला हात लावायचा, असा नियम केला आहे. गडीमाणसे हसतात, पण पाळतात.

येथपर्यंत लिहून पुढचा बेत म्हणून सर्व पोत्यांना गोट घालण्याचे वेळापत्रक देणार होतो. परंतु नोंदवहीतल्या वेळा पुन्हा पाहताना दुसरेच काही दिसले. तिचे बहुतेक सगळे उद्योग पहाटेचे आहेत, आणि तेही हरभऱ्याच्या ओलितासाठी रात्रपाळीची वीज असते म्हणून आम्ही वावरात असतो त्या रात्रींचे. पहाट आणि तिन्हीसांज या मांजराच्या शिकारीच्या वेळा, आणि नेमके तेव्हाच घरात कोणी नसते. आईने हे कधीच सांगून ठेवले होते: "तिले भूक नाही लागली बाप्पा, तिले काम पायजे." पोते कितीही बंदिस्त केले, तरी ओढायला आणि फाडायला काही दिले नाही तर ती उद्या ठिबकच्या नळीकडे वळेल, हे उघड आहे.

म्हणून वितळवण्याचे काम चालू ठेवून मुख्य भर आता कामावर देत आहे. दूध-पोळीवर मांजराचे भागत नाही, त्याला टॉरिन या मांसातून मिळणाऱ्या आवश्यक घटकासाठी मांसाहार लागतोच. पण आमच्या स्वयंपाकघरात तो शिजत नसल्याने सांधवाडीतल्या चुलीवर कोंबडीचा पोटा (तिचे मांसल जठर) मीठ-मसाल्याशिवाय उकडतो. पूर्वी त्याचे बारीक तुकडे करत असे; आता मोठा तुकडा देतो, तो तिला पंजाखाली दाबून, मान तिरपी करून दाढेनेच फाडावा लागतो. चघळण्यासाठी कुंडीत गहू पेरला आहे. ज्वारी हाताशी असली तरी कोणी पेरू नये; तिच्या कोवळ्या फुटव्यांत सायनाइड तयार होते आणि त्याने गुरेही दगावतात. उकडलेले कोहळे चमचाभर मिसळून पाहिले, ते मात्र तिने ताटलीच्या कडेला सारून ठेवले.

पहाटेसाठी चार इंची पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा घेऊन दोन्ही टोकांना टोपण बसवले आहे आणि अंगाला भोके पाडली आहेत. पाइप लोळवला की कोरडे खाद्य एकेक दाणा पडते. भोकांच्या कडा कानशीने घासून घ्याव्यात, नाहीतर पंजा सोलतो. पहिल्या पहाटे तिने पाइप ढकलत ढेपेच्या पोत्यापर्यंत नेला, आणि पोत्याला तोंड न लावता परत फिरवून आणला. ढेपेसाठी दोनशे लिटरचा निळा ड्रम घ्यावा असे आता वाटू लागले आहे, पण बाजारात मिळणारे जुने ड्रम बहुधा रसायनांचे असतात आणि ढेप गायीच्या पोटात जाते. खाद्यतेलाचा ड्रम कोठे मिळाला असेल तर झाकणाला पोलादी कडे आहे की नुसता फिरवून लावायचा आटा, एवढे कृपया कळवावे. आट्याचे झाकण आमच्याकडे कोणी पूर्ण फिरवत नाही.