टच नाचत होता, एवढंच

राजेंद्रनगरचे एक काका गुरुवारी जेल रोडवर आमच्या दुकानात आले ते फोन रुमालात गुंडाळूनच. "आपोआप टाइप करतो हो. हॅक झालाय." शेजारच्या दुकानदाराने फोन हातात न घेताच निदान केलं होतं: हॅकच, फॉरमॅट मारू, 500 रुपये. आमच्या बाजारात ज्याला काही कळत नाही, तो फॉरमॅट मारतो.

"काका, चार्जिंगला लावल्यावरच होतं का?"

"हो, रात्री उशाशी असतो तेव्हा."

पिशवीतून फुटपाथवरचा चार्जर निघाला, पिसासारखा हलका. असल्या चार्जरमध्ये फिल्टरचे पार्ट गाळलेले असतात. मग विजेचा गोंगाट थेट काचेपर्यंत पोचतो आणि टचला वाटतं, बोट लागलं. तो लावला, कीबोर्ड उघडला: ‘लललप’. माझा लावला: शांत. तीनदा उलटसुलट करून दाखवलं. पैसे घेतले ते फक्त नव्या चार्जरचे.

सवयीने सेटिंगमध्ये डोकावलो. अँड्रॉइड 10, शेवटचा सुरक्षा पॅच, म्हणजे कंपनीने पाठवलेली दुरुस्ती, 2021चा. कंपनीने पुढे हात वर केलेले. ब्लूटूथ चालू. "बंद करू?" म्हटलं तर काकांनी कानाला हात लावला. श्रवणयंत्र. मुलीचा फोन त्यातूनच ऐकू येतो. गंमत म्हणजे अँड्रॉइडमध्ये श्रवणयंत्र थेट जोडायची सोय आली तीच 10 मध्ये.

"असू द्या. हॅक वगैरे काही नाही," मी म्हणालो.

रात्री शटर ओढताना खटकलं. सुरक्षा संशोधक मार्क न्यूलिन यांनी डिसेंबर 2023 मध्ये उघड केलेला दोष काकांच्या फोनमध्ये तर आहेच! ब्लूटूथच्या टप्प्यातला कोणीही ‘मी कीबोर्ड आहे’ म्हणतो, फोन मालकाला न विचारता त्याला जोडून घेतो, आणि तो टाइप करू लागतो. अँड्रॉइड 11 ते 14 साठी दुरुस्ती आली. 10 आणि त्याआधीच्यांना नाही. दुकानातल्याच अँड्रॉइड 10 च्या एका जुन्या फोनवर भाच्याने लॅपटॉपवरून करून दाखवलं. फोन काउंटरवर, माझे हात खिशात, आणि चौकटीत एकेक अक्षर उमटलं: ‘मामा चहा’. हसू आलंच नाही. पिनचं लॉक यातून उघडत नाही, खरंय. पण काका पिन ठेवतच नाहीत, स्वाइप केलं की उघडा.

‘ब्लूटूथ बंद ठेवा’ हा सल्ला सगळे देतात. काकांना तो कसा द्यायचा? नवा फोन घ्या म्हणावं, तर तोही माझ्याच काउंटरवरून जाणार. मग शेजाऱ्यात आणि माझ्यात फरक तो काय?

काल फोन केला. "चार्जर एकदम मस्त," काका म्हणाले, "आता काही नाचत नाही."

"काका, एक पिन टाकून घ्या फोनला."

"कशाला? तुम्हीच म्हणालात ना, काही नाही म्हणून?"