रॉकेट दोन आठवड्यांत, रंग दोन महिन्यांत

सप्टेंबरमध्ये मॉडेल रॉकेटचं किट आणलं तेव्हा बायकोला सांगितलेलं, दोन आठवड्यांत होईल. तर रॉकेट खरंच दोन आठवड्यांत झालं, खोटं नाही बोलत. पण त्याला रंग देण्यात पुढचे दोन महिने गेले, आणि त्यात एक जुनी चादर, बायकोचा हेअर ड्रायर आणि बाबांच्या नजरेतली माझी उरलीसुरली इज्जत, एवढं सगळं गेलं.

आधी हा प्रकार काय ते सांगतो, कारण पुण्यातले मित्र अजून विचारतात की तू ओहायोत राहून दिवाळीचे रॉकेट बनवतोस का. मॉडेल रॉकेट म्हणजे पुठ्ठ्याची नळी, लाकडी फिन्स (म्हणजे शेपटीकडचे पंख), प्लॅस्टिकचं नाक आणि खाली विकत आणलेली तयार मोटर (म्हणजे जळणारा मसाला भरलेलं नळकांडं), वर जाऊन पॅराशूटने परत खाली येणार आणि पुन्हा उडवता येणार. मोटरला अक्षरं असतात. ए म्हणजे जास्तीत जास्त अडीच न्यूटन-सेकंद (मोटर एकूण किती धक्का देते त्याचं माप) आणि पुढे प्रत्येक अक्षराला दुप्पट, म्हणजे बी ५, सी १०, डी २०, ई ४०, एफ ८०, जी १६०. ई, एफ, जी म्हणजे मिड-पॉवर. एचपासून पुढे सर्टिफिकेट घ्यावं लागतं, ते माझ्याकडे नाही. अजून.

या छंदाची सुरुवात कुठल्या प्रयोगशाळेत नाही झाली हे मला फार आवडतं. नेब्रास्कात नॉरफोक नावाचं गाव आहे, तिथे ऑर्व्हिल कार्लाइल नावाचा चपलाबुटांचा दुकानदार होता, त्याला शोभेच्या दारूचा नाद. त्याने ही पुन्हा पुन्हा उडवता येणारी रॉकेटं बनवली आणि १९५७ मध्ये हॅरी स्टाइन नावाच्या, क्षेपणास्त्रांच्या तळावर काम केलेल्या इंजिनियरला पाठवली. त्या काळात अमेरिकेतली पोरं घरीच मसाला कुटून नळ्यांत ठासायची आणि बोटं, डोळे घालवून बसायची. पोरांनी दारूला हात न लावता तयार मोटर वापरायची, ही कल्पना तिथून आली. पुढच्याच वर्षी व्हर्नन एस्टेस याने मोटर बनवायचं मशीन केलं, त्याचं नाव मेबल. चपलांच्या दुकानदाराची हौस, आणि आज मी गॅरेजमध्ये बसून पॉलिश पेपर घासतोय.

माझं किट साधारण तीन इंच जाडीचं, सव्वाचार फूट उंच, २९ मिलिमीटरच्या मोटरचं, चार प्लायवूडच्या फिन्स. लहान रॉकेटला फिन वरून चिकटवली की झालं, यात तसं चालत नाही. नळीला खाचा असतात, फिनची जीभ त्या खाचेतून आत जाते आणि थेट मोटरच्या नळीला टेकते. मोटरची नळी लाकडी रिंगांनी मधोमध धरलेली असते. इथे एक युक्ती आहे जी किटच्या कागदावर दिलेली नव्हती. सगळ्यात मागची रिंग आधी चिकटवायचीच नाही, नुसती बसवायची, फिन्स सरळ लावून घ्यायच्या, मग ती रिंग काढायची आणि मागून आत हात घालून (म्हणजे आईस्क्रीमची काडी घालून) फिनच्या दोन्ही बाजूंना आतून अराल्डाइट भरायचं, आणि शेवटी रिंग बंद करायची. मागच्या एका रॉकेटला मी हे केलं नव्हतं, ते पॅराशूटसकट डांबरी रस्त्यावर उतरलं आणि फिन नळीची साल घेऊन निघाली.

बाहेरचं फिलेट, म्हणजे फिन आणि नळीच्या कोपऱ्यातली ती गोलसर भर, हा माझा सगळ्यात आवडता भाग. अराल्डाइट ओघळतं, त्यामुळे रॉकेट आडवं ठेवून एका वेळी फक्त वरची एकच घळ भरायची, स्पिरिटमध्ये बोट बुडवून एका दमात फिरवायचं, वाळू द्यायचं, फिरवायचं, पुढची घळ. चार फिन्स, आठ घळी, आठ संध्याकाळी. त्या आठही संध्याकाळी मी इतका सुखात होतो की ऑफिसच्या मीटिंगमध्ये मोबाइलवर फिलेटचे फोटो बघत बसायचो.

इथवर सगळं छान. मग आला रंग.

पुठ्ठ्याची नळी गुंडाळून बनवलेली असते, तिच्यावर वरपासून खालपर्यंत गोल गोल फिरत जाणारी बारीक चर असते. रंग दिला की ती चर अजून उठून दिसते. म्हणून त्यात लांबी भरायची, वाळली की घासायची, परत भरायची, परत घासायची. २२० नंबर, मग ३२०, मग ४००. किलोभर लांबी लावली असेल आणि त्यातली बहुतेक सगळी गॅरेजच्या जमिनीवर पडली. आई तेव्हा नुकतीच आली होती सहा महिन्यांसाठी, ती दारात उभी राहून म्हणाली, "अरे लावतोस कशाला, सगळं काढूनच टाकायचंय तर?" उत्तर नव्हतं.

प्रायमर झालं, पांढरा हात झाला, आणि रॉकेट क्लबच्या नोव्हेंबरच्या उड्डाणाची तारीख डोळ्यांसमोर. स्प्रे कॅनवर लिहिलेलं असतं की दुसरा हात एक तर तासाभरात द्या नाहीतर ४८ तासांनंतर. मी ४८ तास मोजले, अगदी अलार्म लावून, आणि केशरी मारला. दहा मिनिटं झकास दिसत होता. मग माझ्या डोळ्यांदेखत नाकाच्या खालचा सगळा भाग तापलेल्या दुधावरच्या सायीसारखा गोळा व्हायला लागला, आणि मी वेड्यासारखा हेअर ड्रायर आणला, त्याने तर अजून वाट लागली.

बाबा भारतातच होते. एसटीच्या वर्कशॉपमध्ये पेंटर म्हणून आयुष्य काढलेला माणूस. आईने व्हिडिओ कॉल लावून कॅमेरा थेट रॉकेटवर नेला, मला विचारलंही नाही. बाबांनी दोन सेकंद बघितलं.

"पहिला हात कच्चा होता."

"बाबा, ४८ तास झाले होते."

"थंडी किती आहे तिकडे?"

गॅरेजमध्ये तेव्हा ८ डिग्री होतं. कॅनवर हेही लिहिलं होतं की १० डिग्रीच्या खाली मारू नका, पण ते मी मारण्यापुरतं धरलं, वाळण्यापुरतं नाही. ते ४८ तास उबदार हवेतले असतात. हा रंग नुसता सुकत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू पक्का होत जातो, थंडीत ते फार सावकाश होतं. वरचा पापुद्रा कडक, खाली अजून मऊ, अशा वेळी नवीन हातातला थिनर आत शिरतो, खालचा थर फुगतो आणि पापुद्र्याला जायला जागा नसते, म्हणून सुरकुत्या. बाबांनी एवढं सगळं नाही सांगितलं, ते एवढंच म्हणाले, "नख लावून काय बघतोस, नाक लावून बघ. वास येतोय तोवर हात लावायचा नाही."

मग मी दुसरी चूक केली. सुरकुत्या काढायला पाणी लावून घासलं. बसच्या पत्र्याला चालतं ते, पुठ्ठ्याला नाही. एका ठिकाणी प्रायमरच्या खाली गेलो आणि पाणी आत शिरून पुठ्ठ्याचे तंतू उभे राहिले, दाढीचे खुंट राहतात तसे. तिथे पातळ फेविक्विक जिरवलं, कडक झाल्यावर कोरडंच घासलं, परत लांबी, परत प्रायमर.

या वेळी रॉकेट तळघरात हीटरच्या बाजूला सहा दिवस उभं. आईचं नाक माझ्यापेक्षा तिखट, रोज सकाळी चहा टाकायच्या आधी ती खाली जाऊन रॉकेट हुंगायची आणि वर येऊन निकाल द्यायची. "आहे अजून." चौथ्या दिवशी, "थोडा आहे." सहाव्या दिवशी, "नाही आता." मग पुठ्ठ्याच्या खोक्यात आडोसा करून पातळ पातळ तीन हात केशरी. आला बाबा एकदाचा. गुळगुळीत.

डिकल्ससुद्धा, म्हणजे वर चिकटवायची चित्रं, आईनेच लावली. पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायची असतात, पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला की जागेवर हलवता येतात. माझ्याकडून पहिलं घडी पडून फाटलं. आईने पन्नास वर्षं हाताने रांगोळी काढलीय, तिने ते दोन बोटांत धरून असं बसवलं की काठ कुठाय ते शोधावं लागतं.

रंगाचं वजनही असतं बरं का. माझ्या काट्यावर रॉकेट रंगाआधी आणि रंगानंतर यात ८५ ग्रॅमचा फरक आला, बराचसा मागच्या बाजूला, फिन्सवर. त्याने तोल मागे सरकतो. नियम असा की रॉकेटचा गुरुत्वमध्य हा हवेचा दाब जिथे एकवटतो त्या बिंदूच्या किमान एक जाडीभर पुढे हवा, नाहीतर रॉकेट वर जायच्या ऐवजी गिरक्या घेतं. दिवाळीच्या रॉकेटला ती लांब काडी असते ती यासाठीच, काडी मोडून उडवलेलं रॉकेट कुणाच्या गॅलरीत शिरतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. मी मोटर घालून दोऱ्याला टांगून बघितलं, ओपनरॉकेट नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये आकडे घातले, दीड जाडी निघाली. पास.

शनिवारी सकाळी मक्याच्या कापलेल्या शेतात गेलो. आई साडीवर माझं जाकीट, पायात बूट, डोक्याला माकडटोपी. टेबलावरच्या म्हाताऱ्या अधिकाऱ्याने फिन धरून हलवून बघितली, वजन विचारलं, मोटर विचारली. एक किलो शंभर ग्रॅम, जी ८० (यातले ८० म्हणजे न्यूटनमधला सरासरी जोर). जोर वजनाच्या निदान पाचपट असावा असा ढोबळ हिशेब असतो, तो बसत होता. मग पॅराशूट जळू नये म्हणून त्याच्या खाली घालायचा तो राखाडी भुसा मी भरायला लागलो. घरांच्या भिंतीत घालतात तो कागदाचा, आगीला दाद न देणारा भुसा, पण इकडे सगळे त्याला डॉग बार्फ म्हणतात. आईने अर्थ विचारला. कुत्र्याची ओकारी, असं सांगितल्यावर तिने पिशवी खाली ठेवली आणि हात पुसले.

पहिल्यांदा बटण दाबलं तर नुसतं फुस्स. मी पुढे जायला निघालो तर आईनेच दंड धरला, "फुसक्याजवळ जायचं नसतं!" नियमही तोच आहे, एक मिनिट थांबायचं. दुसरा इग्नायटर, म्हणजे मोटर पेटवायची तार, लावला. पाच, चार, तीन, दोन, एक, आणि कापड फाटल्यासारखा आवाज होऊन रॉकेट गेलंसुद्धा. या मोटरला निळसर ज्योत असते, धूर जवळजवळ नाहीच, त्यामुळे आईला कळेचना की कुठे बघायचं. वर एक ठिपका, ठिपका आडवा झाला, आणि नारिंगी पॅराशूट उघडलं, त्याचा पट्ट असा आवाज आमच्यापर्यंत उशिरा पोचला.

वाऱ्याने चांगलं तीन-चारशे मीटर लांब नेलं. धसकटातून मी ठेचकाळत चाललेलो आणि आई पुढे, तिचं माहेर बार्शीकडचं, ज्वारीच्या रानात वाढलेली. तिलाच आधी सापडलं. फिन्स चारी शाबूत, एका फिनच्या टोकाचा रंग उडालेला. तिने सवयीने नळीच्या तोंडाला नाक लावलं आणि हसली. पॅराशूट बाहेर ढकलायला या मोटरमध्ये चिमूटभर काळी दारूच असते, तोच आपल्या फटाक्यांचा वास.

"अजून एकदा उडव की."

एका मोटरला चाळीसेक डॉलर पडतात म्हटल्यावर तिने मनात रुपये केले आणि मुकाट्याने पॅराशूट गोळा करायला लागली.

गाडीत बसल्यावर बाबांना फोटो पाठवला. तिकडे मध्यरात्र होत आलेली तरी लगेच निळ्या टिका आल्या. कौतुक वगैरे काही नाही, माझाच फोटो मोठा करून, नाकाच्या खाली लाल गोल करून परत पाठवला. खाली लिहिलेलं, "ओघळ." आहे तिथे ओघळ. मला माहीत होतं, त्या बाजूने फोटो काढायचा नव्हता, पण फोटो आईने काढला.