आमची वाटचाल : मापाचा कार्बोरेटर

कार्बोरेटर, म्हणजे इंजिनासाठी हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, बदलायला आलेल्या माणसाला आम्ही आधी एकच विचारतो : गाडी दिवसभर किती आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला इंजिनाच्या किती फेऱ्यांवर, चालते? ही सवय आमचे पहिले भागीदार अण्णा यांची. जुना कार्बोरेटर हातात आला की अण्णा थ्रॉटलचा, म्हणजे हवेच्या झडपेचा, दांडा अंगठ्याने बाजूला ढकलून बघायचे. दांड्यात खेळ असला की तिथून चोरटी हवा आत जाते, आणि मग जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं पितळेचं बारीक भोक, कितीही बदला, आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीचं संथ चालणं, बसत नाही. असा कार्बोरेटर दुरुस्तीचं किट घालून परत द्यायचा नाही, बदलायचाच, हा नियम त्यांनी घातला. तो आजही पाळतो.

मधली चांगली वर्षं सांगण्यासारखी नाहीत; काम येत होतं, आम्ही करत होतो. सांगायचं आहे ते पुढचं. आमच्याच ओळीत एकाने दुकान थाटलं आणि आल्यागेल्याला मोठ्या बोअरचा डबल बॅरल, म्हणजे हवेच्या दोन नळ्यांचा कार्बोरेटर, बसवायचा सपाटा लावला. मोठा कार्बोरेटर म्हणजे जास्त पिकअप, एवढंच तो सांगायचा. वर आमच्याबद्दल पसरवलं की पडून राहिलेला माल खपवायचा म्हणून आम्ही लहान मापाचे कार्बोरेटर गळ्यात मारतो. आम्हाला काम पाठवणारे मेकॅनिक कमिशनसाठी तिकडे वळले, हाताखाली तयार केलेली दोन पोरंही गेली. लेथ विकावा लागला. ते बोलणं माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

हिशोब तर साधा आहे. फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या सीसीएवढी हवा ओढतं. १५०० सीसीचं इंजिन ५००० आरपीएमला मिनिटाला ३७५० लिटर ओढेल, तेही सिलिंडर पूर्ण भरला तर. ८० टक्के भरतो असं धरलं तर ३००० लिटर, म्हणजे साधारण १०६ सीएफएम (मिनिटाला घनफूट). त्याच्या दुप्पट मापाचा कार्बोरेटर बसवला म्हणून इंजिन दुप्पट हवा ओढत नाही. उलट व्हेंचुरी, म्हणजे कार्बोरेटरचा अरुंद गळा, मोठी झाली की कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो, जेटमधून पेट्रोल नीट खेचलं जात नाही, त्याचा फवारा होण्याऐवजी थेंब पडतात. सिग्नलवरून गाडी काढताना झटके बसतात ते यामुळे. रस्त्यावरची गाडी बहुतेक वेळ अर्ध्याहून कमी थ्रॉटलवर असते. माप तिथलं बघायचं.

त्या काळात टिकून राहिले ते शाळेच्या मुलांची व्हॅन चालवणारे एक काका. दर थोड्या अंतरावर थांबायचं आणि पुन्हा निघायचं, असं त्यांचं काम. सोबतचे ड्रायव्हर हसायचे, तरी त्यांनी आमच्याकडून कंपनीच्याच मापाचा सिंगल बॅरल बसवून घेतला. काकांची एक वही होती, पानांच्या कडा ऑइलच्या बोटांनी काळ्या झालेल्या. टाकी भरली की किलोमीटर आणि लिटर लिहायचे, कधी चुकायचे नाहीत. ती वही त्यांनी स्टँडवर इतरांपुढे उघडून ठेवली. ज्यांच्या गाड्या धूर सोडत पेट्रोल पीत होत्या, त्यांनी आकडे पाहिले आणि एकेक जण परत आला. आमच्या कुठल्याही बोलण्याने जे झालं नसतं ते त्या वहीने केलं, हे मी कुणालाही सांगतो.

आता विषय निघालाच आहे तर ऐका. कार्बोरेटरला दोष देण्याआधी प्लग, टायमिंग, टॅपेट आणि मॅनिफोल्डची गॅस्केट बघा. इंजिनाची ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज लावा. समुद्रसपाटीच्या आसपास धडधाकट इंजिनाचा काटा आयडलिंगला साधारण १७ ते २१ इंच पाऱ्यावर स्थिर राहतो. काटा नाचत असेल तर नवा कार्बोरेटर घेऊन काहीही साधणार नाही. डबल बॅरल घ्यायचाच असेल तर दुसरं बॅरल व्हॅक्यूमवर उघडणारं घ्या, म्हणजे इंजिनाला हवा लागेल तेव्हाच ते उघडेल. फ्लोटची, म्हणजे आतल्या पेट्रोलवर तरंगणाऱ्या गोळ्याची, पातळी व्हर्निअरने मोजा, डोळ्याने नको. जेटमध्ये तार कधीच घालू नका; पितळेचं भोक मोठं होतं आणि त्यावरचा नंबर खोटा पडतो. क्लीनर आणि हवेचा झोत पुरतो. गाडी लोडवर चालवून मग प्लग काढा : काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त, पांढराफटक असेल तर कमी, फिकट तपकिरी असेल तर हात लावू नका.

शेजारच्याने पुढे धंदा बदलला. त्याने बसवलेले डबल बॅरल मात्र अजून आमच्याकडे उतरवायला येतात. कुठे बसवला ते आम्ही गिऱ्हाइकाला विचारत नाही. उतरवतो, आणि पावतीवर कारण लिहून देतो : माप मोठे.