सेकंड अकॉर्डियन : जॉनी पेकन

रविवार, रात्री उशिरा

दुपारपासून कशातच मन लागत नाहीये. घरात कुणाला सांगावंसं वाटलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

पोळ्या करताना रेडिओ लावला होता. रविवारचा पोल्काचा कार्यक्रम. पोल्का म्हणजे अकॉर्डियनवरचं नाचाचं संगीत, इथे ते स्लोव्हेनियातून आलेल्या लोकांनी रुजवलेलं. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये राहायचं आणि पोल्का कानावर पडायचा नाही असं होतच नाही, पण आज नीट ऐकत होते. निवेदक आजोबांनी इथल्याच अकॉर्डियनवाल्या फ्रँकी यांकोविकचं 'जस्ट बिकॉज' लावलं. १९४७ सालच्या शेवटच्या दिवशी ध्वनिमुद्रित केलेलं. दुसऱ्या दिवसापासून वादकांच्या युनियनची रेकॉर्डिंगबंदी सुरू होणार होती. लाखोंनी खपलेली रेकॉर्ड. यांकोविक त्यामुळे देशभर गाजला, पुढच्याच वर्षी मिलवॉकीला लोकांनी त्याला 'पोल्का किंग' केलं. हे सगळं इथे शाळकरी पोरंही सांगतील. पण गाणं संपल्यावर आजोबा म्हणाले, "सेकंड अकॉर्डियनवर जॉनी पेकन, बँजोवर जॉर्जी कुक." मग पेकन पुढे लू ट्रेबर या दुसऱ्या अकॉर्डियनवाल्याबरोबर कसा वाजवायचा, त्याबद्दल चार वाक्यं बोलले.

त्यानंतर पन्नासच्या दशकातली एक स्थानिक बँडची तबकडी लावली. तिच्यातले ड्रमवाले अजून आहेत म्हणे, नव्वदी पार केलेले. त्यांचं नाव, राहायचे ती गल्ली, दिवसा कुठल्या कारखान्यात पाळी असायची, सगळं सांगितलं. "ऐकत असाल तर नमस्कार," म्हणाले.

आणि मला रडू फुटलं. त्या ड्रमवाल्या आजोबांसाठी आलं असतं तर बरं वाटलं असतं. ते बाबांसाठी होतं, खरं तर माझ्यासाठीच होतं. सरळ सांगायचं तर मला हेवा वाटला.

बाबांचं नाव कुणीही, कधीही, कुठल्याही माइकवरून घेतलेलं मला आठवत नाही. गणपतीत, जत्रेत, कारखान्यांच्या स्नेहसंमेलनात ते इतकी वर्षं ऑर्केस्ट्रात अकॉर्डियन वाजवत होते. पोस्टरवर कोण असायचं? 'व्हॉइस ऑफ मुकेश', 'व्हॉइस ऑफ लता', त्यांचे फोटो, आणि खाली बारीक अक्षरात 'व सहकारी'. शंकर-जयकिशनच्या गाण्यातला अकॉर्डियनचा तुकडा आला की मागच्या रांगेतून शिट्ट्या पडायच्या, त्या बाबांच्या हाताला असायच्या. पण निवेदक पुढचं गाणं पुकारून मोकळा. बाबांना त्याचं काही वाटायचं का, कोण जाणे. ते स्वतः सिनेमाच्या गाण्यांत अकॉर्डियन वाजवणाऱ्या गुडी सिरवाईंचं नाव घ्यायचे, पुण्याच्या इनॉक डॅनियल्सचं घ्यायचे, आणि घेताना कानाच्या पाळीला हात लावायचे. स्वतःबद्दल काही बोलल्याचं मात्र… असो.

मघाशी एका एलपीवर गाणं सुरू व्हायच्या आधी भात्याचा श्वास ऐकू आला. अकॉर्डियन वाजवणारा आधी हवेचं बटण दाबून भाता हळूच उघडतो, तोच आवाज. बाबांच्या लाल अकॉर्डियनचा भाता एका कोपऱ्यात उसवला होता, त्यावर त्यांनी कापडी पट्टी चिकटवली होती, त्यामुळे त्या श्वासात किंचित शीळ असायची. डाव्या हाताच्या पट्ट्याचा वळ मनगटाच्या वर कायमचा उमटलेला. १२० बटणं न बघता वाजवणारा हात. त्याची एकही रेकॉर्ड नाही. एक मिनिटभराचीसुद्धा नाही.

दुपारभर हाच विचार. आपल्याकडे असं का? मग आठवलं की 'आपल्याकडे' म्हणणंही पूर्ण खरं नाही. आकाशवाणीवर शास्त्रीय गायन संपलं की तबल्याच्या आणि हार्मोनियमच्या साथीदारांची नावं सांगायचेच की. सिनेमाचं गाणं असलं की गायक, गीतकार, संगीतकार झाले, पुढे पन्नास वायोलिनवाले असोत नाहीतर अकॉर्डियनवाला असो, सगळे गप्प. आणि ऑर्केस्ट्रा म्हणजे तर त्या गाण्यांची नक्कल. नक्कल करणाऱ्याचं नाव कोण विचारतो? हे लिहितानाही घसा दाटतोय.

संध्याकाळी भांडी आवरताना जरा वेगळं दिसायला लागलं. इथल्या या मंडळींनाही कुणी आयतं डोक्यावर घेतलेलं नाही. स्लोव्हेनियन गाण्यांना ज्यांनी क्लीव्हलँडचा बाज दिला ते विल्यम लॉशे दातांचे डॉक्टर होते, पियानो उरलेल्या वेळात. (भाऊ ओहायोचा गव्हर्नर झाला, नाव त्याचंच जास्त ठाऊक.) पोल्काला संगीताचा मोठा अमेरिकन पुरस्कार, ग्रॅमी, पहिल्यांदा १९८६ साली मिळाला, यांकोविकलाच. २००९ मध्ये तो विभागच बंद केला. शेजारच्या युक्लिड गावात पोल्काचं हॉल ऑफ फेम, म्हणजे नामवंतांचं स्मृतिदालन, आहे, तेही या लोकांनी स्वतः उभं केलेलं. आणि रेडिओवरचे आजोबा बिनपगारी. तबकड्या घरून पिशवीत घालून आणतात, वर्षातून एकदा स्टेशनसाठी श्रोत्यांकडे पैसे मागतात. पेकनचं नाव आज माझ्या स्वयंपाकघरात पोचलं ते एवढ्यासाठीच, की कुणीतरी ते आठवणीत ठेवून सांगायची तसदी घेतली. तसदी मीही घेऊ शकते. माझ्याकडे तबकडी नाही, पण नावं?

म्हणून आईला फोन लावला. तिकडे पहाट, ती चहा ठेवत होती. "त्यांच्या ऑर्केस्ट्रात कोणकोण होतं गं?" आधी म्हणाली, आता कुठलं आठवायला. मग एकेक निघायला लागलं. ढोलकीवाले काका, आडनावासकट. काँगोवाला, जो तालमीला सायकलच्या कॅरिअरवर काँगो बांधून यायचा. सॅक्सोफोनवाले पोलीस बँडमधले होते हे मला माहीतच नव्हतं. गिटारवाल्याचं फक्त टोपणनाव. मी लिहीत गेले, ती मधेच हसत होती. बाबांचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा तिने, का कोण जाणे, पूर्ण सांगितलं, वडिलांच्या नावासकट, जणू मला माहीत नसावं.

सॅक्सोफोनवाल्या काकांचा मुलगा सोलापूरला असतो, म्हणाली. एका वर्षी मंडळाने कार्यक्रम टेप केला होता, कॅसेट त्यांच्या घरी असायची. आता वाजेल की नाही, देव जाणे. नंबर मिळवून देते म्हणाली. पुढच्या रविवारी रेडिओवर फोन करून पेकन आणि ट्रेबरचं काहीतरी लावायला सांगणार आहे, पण त्याआधी सोलापूर.