नव्या कॅमेऱ्याने फोटो चांगले येतात का?

कॅमेरा बदलल्याचं कळल्यापासून जो तो हेच विचारतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सरळच सांगतो: लख्ख उजेडात, जागेवर उभ्या असलेल्या गोष्टीचा फोटो असेल तर फारसा फरक नाही. आधीचा कॅमेरा कॅननचा ७०डी, २०१३ सालचा, २० मेगापिक्सेलचा. आताचा आर६ मार्क टू, २०२२ सालचा, २४ मेगापिक्सेलचा. उन्हातले दोन फोटो शेजारी ठेवून कुठला कुणाचा विचारलंत, तर मीही अडखळेन.

फरक पडलाय तो वाया जाणाऱ्या फोटोंत. पक्षी फांद्यांच्या गुंत्यात बसलेला असला की जुना कॅमेरा हमखास पुढच्या काडीवर फोकस करायचा. फोकसचे बिंदू १९, तेही मधोमध गोळा झालेले. पक्षी त्यातल्या एखाद्यावर धरायचा, बटण अर्धवट दाबून ठेवायचं, चौकट सरकवायची. तोवर स्वारी उडालेली. आता पक्ष्याच्या डोळ्यावर एक छोटा चौकोन येऊन बसतो. त्याने मान वळवली की चौकोन डोक्यावर जातो, परत वळली की परत डोळ्यावर. मी निवांत मागची पार्श्वभूमी बघतो, जे पूर्वी कधी जमलंच नव्हतं. अगदी दाट पानांत मात्र हाही गोंधळतो. तिथे फोकस बोटाने ओढून न्यावा लागतो.

दुसरा फरक दिवेलागणीनंतरचा. पूर्वी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता, १६००च्या पुढे न्यायला मी कचरायचो, आता ६४०० बिनधास्त लावतो. प्रकाश टिपणारा सेन्सर मोठा आहे, ३६ बाय २४ मिलिमीटरचा, जुन्याच्या जवळपास अडीचपट क्षेत्रफळाचा; त्याचा हा फायदा. जिथे शटर १/६० सेकंद उघडं ठेवावं लागायचं आणि पळतं मूल फोटोत हललेलं यायचं, तिथे आता १/२५० सेकंद पुरतो.

जुन्या कॅमेऱ्यात लेन्समधलं दृश्य आरशावरून डोळ्यापर्यंत यायचं; तो आरसा नव्यात नाही, याचं मला थोडं वाईट वाटतं. व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीत, आता छोटा पडदा आहे. फोटो किती उजळ येणार ते आधीच दिसतं, त्यामुळे दर फोटोनंतर मागे बघायची खोड सुटली, हे खरं. पण अंधारात तो पडदा रवाळ दिसतो, आणि बॅटरी खातो. पूर्वी एका बॅटरीवर दिवस निघायचा, आता दुसरी खिशात लागतेच. जुन्या बॅटऱ्या यालाही चालतात, एवढं बरं.

लेन्सचं विचाराल तर अ‍ॅडॉप्टर लावून जुन्या लेन्स झकास चालतात. ५० मिलिमीटरची लेन्स पूर्वी छोट्या सेन्सरमुळे ८०सारखी, म्हणजे दृश्य जवळ आणून दाखवणारी, वागायची, ती आता खरोखर ५०ची झाली. मला मात्र दोन पावलं पुढे जायची सवय करावी लागतेय. छोट्या सेन्सरसाठीच बनवलेल्या लेन्स लावल्या, तर कॅमेरा कडा कापतो आणि हातात नऊ-साडेनऊ मेगापिक्सेल उरतात. त्या लेन्स काढून टाकायच्या आहेत.

कॅमेरा घ्यायच्या आधी एक तपासा: याच्या रॉ फाइल्स, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या कच्च्या फाइल्स, नव्या प्रकारच्या असतात, जुनं सॉफ्टवेअर त्या उघडत नाही. आणि इलेक्ट्रॉनिक शटरच्या (ज्यात पडदा हलत नाही, सेन्सरच ओळीओळीने वाचला जातो) सेकंदाला ४० फोटोंवर भाळू नका. काही एलईडी दिव्यांखाली फोटोवर पट्टे येतात, फिरत्या पंख्याची पाती वाकडी दिसतात. मी मेकॅनिकल शटरच वापरतो, सेकंदाला १२. तेवढेच निवडता निवडता रात्र होते.