दुसऱ्या दुकानाचं नाव गटात आलं तर

तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ, मिरज पूर्व भागात द्राक्षाचे बरेच व्हॉट्सअॅप गट कृषी सेवा केंद्रवाल्यांनी काढलेले आहेत. दुकानदार ॲडमिन, आजूबाजूच्या पाचसहा गावांतले बागायतदार सदस्य. अशा गटांत एक नियम हमखास असतो: ‘इतर दुकानांची, कंपन्यांची किंवा गटांची नावे टाकू नयेत.’ हा नियम काढून टाकावा, असं माझं ठाम मत आहे. नाव येऊ द्यावं. अडवायची ती अर्धवट माहिती.

आधी दुकानदाराची बाजू. गट तो चालवतो, रात्री अकराला डावणी रोगाच्या फोटोला उत्तर तो देतो, फवारणी कधी थांबवायची ते तो सांगतो. आणि त्याच गटात कोणीतरी लिहितं, ‘अण्णा, हेच औषध सांगलीत दीडशे रुपयांनी स्वस्त मिळतंय.’ राग येणारच. पण तो मेसेज काढल्यावर काय होतं ते बघा. ॲडमिनने दुसऱ्याचा मेसेज काढला की त्या जागी ‘ॲडमिनने काढला’ अशी ओळ कायम राहते. ज्यांनी मूळ मेसेज वाचला नव्हता तेही मग विचारतात, काय होतं? मेसेज टाकणारा स्क्रीनशॉट खाजगीत पाठवतो आणि दर गावभर होतो. फक्त आता त्यासोबत ‘दुकानदाराने लपवला’ हेही फिरतं. दर चुकीचा असला तरी तो खोडून दाखवायची संधी गेलेली असते.

आणि दर बहुतेक वेळा अर्धाच सांगितलेला असतो. जीएचं, म्हणजे जिब्रेलिक अॅसिड या वाढीच्या संजीवकाचं, उदाहरण घेऊ. घड पोपटी रंगावर असताना लांबीसाठी १० पीपीएमची (दहा लाख भाग पाण्यात १० भाग) फवारणी घेतात. १०० लिटर पाण्यात १० पीपीएम म्हणजे १ ग्रॅम शुद्ध जिब्रेलिक अॅसिड. आता बाजारात ९० टक्क्यांची पावडर मिळते आणि ४० टक्क्यांची पाण्यात विरघळणारी दाणेदारही मिळते. पहिलं १.१ ग्रॅम लागतं, दुसरं २.५ ग्रॅम. समजा, एका दुकानात ९० टक्केवालं ग्रॅमला १२० रुपये आणि दुसऱ्यात ४० टक्केवालं ६० रुपये आहे. गटात मेसेज काय येणार? ‘तिकडे जीए निम्म्या दरात.’ शुद्ध ग्रॅमवर हिशोब केला तर पहिलं १३३ रुपयांना पडतं आणि दुसरं १५० ला. स्वस्त वाटलेलं महाग निघालं.

इथवर नुकसान फक्त पैशांचं आहे. खरा घोटाळा टाकीत होतो. ६०० लिटरच्या ब्लोअरला (फवारणी यंत्राला) ९० टक्केवालं पावणेसात ग्रॅम टाकायची सवय असलेल्या माणसाने त्याच वजनात ४० टक्केवालं टाकलं, तर बागेवर साडेचार पीपीएमच पडतं. घड लांबत नाही, मणी दाटीने बसतात, पुढे विरळणीची मजुरी वाढते. उलटं झालं तर आणखी वाईट. ४० टक्क्यांच्या हिशोबाने १५ ग्रॅम मोजायची सवय आणि हातात ९० टक्केवालं आलं, की टाकीत साडेबावीस पीपीएम होतं. देठ वेडावाकडा वळतो, कडक होतो, आणि ते परत सरळ करायला कुठलंही औषध नाही. म्हणून दुसऱ्या दुकानाचा दर गटात आला की दुकानदाराने मेसेज न काढता खाली एवढंच विचारावं: ‘टक्के किती? पाकीट किती ग्रॅमचं?’ हे दोन प्रश्न चार वेळा विचारले गेले की पाचव्या वेळी सदस्य स्वतःच विचारायला लागतात. एखाद्या गटाने एवढं शिकवलं तरी हंगाम वाचतो.

दुसरी गफलत रोख आणि उधारीची. सांगलीतला दर रोखीचा असतो आणि गावातला दर माल विकल्यावर पैसे देण्याचा. दोन्ही एका ओळीत मांडले की गावचा दुकानदार लुटारू दिसतो. समजा रोखीने ९२ हजारांचा माल उधारीवर १ लाखाला पडतो आणि पैसे सहा महिन्यांनी द्यायचे आहेत. म्हणजे ९२ हजारांवर सहा महिन्यांचं ८ हजार व्याज, वर्षाला साधारण साडेसतरा टक्के. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर केंद्राच्या व्याज सवलतीनंतर ४ टक्क्यांत पडतं. शेतकऱ्याने हा हिशोब उघडपणे करायला हवा आणि दुकानदाराने तो करू द्यायला हवा. ज्याचं पीककर्ज थकलंय त्याला उधारीशिवाय मार्ग नसतो, आणि त्याला साडेसतरा टक्क्यांतही दुकानदाराचा आधार वाटतो. ही दुकानदाराची खरी सेवा आहे. ती दरात लपवून ठेवण्यापेक्षा ‘रोख इतके, उधार इतके’ असं लिहिलं की दुसऱ्या दुकानाच्या नावाची भीती उरत नाही.

गटात वर पिन करून ठेवायचा मेसेज असा असावा:

‘दुसऱ्या दुकानाचा, कंपनीचा किंवा गटाचा उल्लेख चालेल. सोबत हे लिहा: १) दुकानाचं नाव व गाव २) घटक व टक्के (व्यापारी नाव नंतर) ३) पाकीट किती ग्रॅम, मिली किंवा किलोचं ४) रोख की उधार, पक्कं बिल मिळालं का ५) बॅच नंबर, मुदत संपण्याची तारीख ६) दर कोणत्या तारखेचा. यातलं काही राहिलं तर विचारलं जाईल. संध्याकाळपर्यंत उत्तर आलं नाही तर मेसेज काढू आणि का काढला ते इथेच लिहू.’

व्हॉट्सअॅपवर मेसेज २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस पिन राहतो. ३० दिवस निवडायचे आणि महिन्याच्या १ तारखेला पुन्हा पिन करायचा. नाहीतर ऐन फुलोऱ्यात नियम दिसेनासा होतो.

मुदत संपण्याची तारीख मुद्दाम घातली आहे. अचानक उतरलेल्या दराचं कारण पुष्कळदा तिथेच सापडतं: दोन महिन्यांत मुदत संपणारा माल. लगेच वापरणाऱ्याला तो चालतो, पुढच्या छाटणीसाठी साठवणाऱ्याला चालत नाही. बॅच नंबर पक्क्या बिलावर असतो. ‘बिल नाही पण दर कमी’ असं आलं तर मात्र ॲडमिनने स्पष्ट लिहावं की हे घेऊ नका. औषधाने बागेला इजा झाली तर बिलाशिवाय कृषी विभागाकडे तक्रार उभीच राहत नाही. हाच नियम दुकानदाराच्या स्वतःच्या जाहिरातीलाही लागू हवा. त्याने ‘नवीन स्टॉक आला, संपर्क करा’ एवढंच टाकायचं आणि सदस्यांकडून सहा गोष्टी मागायच्या, हे चालणार नाही.

दुसऱ्या गटाचा सल्ला आपल्या गटात आणला जातो तेव्हा आणखी जपावं लागतं. ‘अमुक सल्लागारांच्या गटात आज हे फवारायला सांगितलंय’ असा फॉरवर्ड आला की लोक त्याच संध्याकाळी टाकी भरतात. पण फळछाटणी, म्हणजे घड येण्यासाठीची छाटणी, सगळीकडे एका दिवशी होत नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीची बाग आणि ऑक्टोबरअखेरची बाग यांत पन्नास दिवसांचा फरक पडतो. एक फुलोऱ्यात असते तेव्हा दुसरीत मण्यांत पाणी उतरत असतं, म्हणजे मणी मऊ पडून गोडी भरत असते. म्हणून अशा फॉरवर्डला एकच अट: छाटणीनंतरचा कितवा दिवस आणि घडाची कोणती अवस्था, हे लिहिल्याशिवाय वेळापत्रक टाकायचं नाही. निर्यातीची बाग असेल तर पुढची पायरीही आहे. पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची ‘अॅनेक्शर ५’ म्हणून ओळखली जाणारी, द्राक्षासाठी मान्य औषधांची यादी काढायची, औषध तिच्यात आहे का ते बघायचं आणि शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंत सोडायचे दिवस मोजायचे. यादी फाइलसारखी गटात ठेवावी आणि नवी आली की जुनी काढावी. दुसऱ्या गटाचं नाव लपवलं तर सल्ला कुठून आला तेच कळत नाही. मग चुकला तर विचारायचं कोणाला?

आता काय अडवायचं ते. दुसऱ्या गटाचं नाव चालेल, पण त्याची आमंत्रण लिंक मुख्य गटात नको. लिंक उघडून ‘जॉइन’ दाबलं की माणूस तिथे सामील होतो आणि त्याचा नंबर अनोळखी लोकांपुढे जातो. ज्याला हवी त्याने खाजगीत मागावी. एपीके फाइल (फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल) कोणाचीही असो, दिसताक्षणी काढावी. ‘पीएम किसान’च्या नावाने फिरणाऱ्या अशा फाइलींनी शेतकऱ्यांची बँक खाती रिकामी केली आहेत. तिथे चर्चेला जागाच नाही.

राहिले शेतकरी बनून आलेले विक्री प्रतिनिधी. ते ओळखायची खूण सोपी आहे. नवीन नंबर, पहिल्याच मेसेजमध्ये एखाद्या टॉनिकचं व्यापारी नाव, आणि तीच वाक्यं शब्दशः शेजारच्या दोन गटांत. यासाठी गटाच्या सेटिंगमध्ये ‘नवीन सदस्याला ॲडमिनची मंजुरी’ चालू ठेवावी आणि मंजुरीआधी गाव, जमिनीचा गट नंबर, वाण एवढं विचारावं. थॉमसन, सोनाका, माणिक चमन, अनुष्का यांपैकी काय लावलंय, छाटणी कधी झाली, हे खरा बागायतदार एका दमात सांगतो. प्रतिनिधींना हाकलायचं कारण नाही. आठवड्यातला एक दिवस ठरवून द्यावा, त्या दिवशी हुद्दा लिहून त्यांनी माहिती द्यावी.

नाव घ्यायलाच बंदी घातली तर काय होतं, याचं मोठ्या प्रमाणावरचं उदाहरण जगाने पाहिलेलं आहे. १८ डिसेंबर २०२२ ला ट्विटरने नियम केला की फेसबुक, इन्स्टाग्राम, मॅस्टोडॉन अशा दुसऱ्या ठिकाणच्या खात्यांचा प्रचार करायचा नाही. नवउद्योगांना भांडवल देणाऱ्या वाय कॉम्बिनेटरचे सहसंस्थापक पॉल ग्रॅहम यांनी लिंकही दिली नव्हती. ‘माझ्या वेबसाइटवर मॅस्टोडॉनची लिंक आहे,’ असं त्यांनी लिहिलं, आणि त्यांचं खातं बंद झालं. एका दिवसाच्या आत ट्विटरला तो नियम काढून घ्यावा लागला. ज्यांनी मॅस्टोडॉनचं नावही ऐकलं नव्हतं, त्यांना ते या बंदीमुळे कळलं. तासगावच्या पाचशे जणांच्या गटातही याहून वेगळं काही घडत नाही.

बेदाण्याच्या दिवसांत प्रश्न दुकानावरून बाजारावर जातो. तासगावच्या अडत्याच्या गटात सांगलीचा किंवा पंढरपूरचा भाव टाकावा का? टाकावाच. पण ‘तिकडे २०० गेला’ याला काही अर्थ नाही. हिरवा की पिवळा, मणी केवढा, एकच बॉक्स त्या भावाने गेला की सगळा लॉट, तूट किती धरली, हमाली-तोलाई किती कापली, पैसे किती दिवसांनी, हे सगळं पट्टीवर, म्हणजे अडत्याने दिलेल्या विक्रीच्या हिशोबाच्या कागदावर, असतं. त्यामुळे भाव टाकायचा तर पट्टीचा फोटो टाकावा, शेतकऱ्याचं नाव, मोबाइल आणि खाते क्रमांक झाकून. ताज्या द्राक्षात अडचण वेगळी. आपल्याकडे दर चार किलोच्या पेटीवर बोलतात, बाहेरचा व्यापारी किलोवर बोलतो. दोन्ही एकाच गटात आले की वाचणारा गोंधळतो. एकक लिहिल्याशिवाय भाव टाकू नये.

नाव घेणं आणि आरोप करणं यांत फरक ठेवावा लागतो. ‘अमुक व्यापाऱ्याने ठरल्या तारखेला पैसे दिले नाहीत, ही पट्टी, ही तारीख’ ही माहिती आहे. ‘अमुक व्यापारी चोर आहे’ हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीचा विषय होऊ शकतो. पहिलं ठेवावं, दुसरं काढावं आणि लिहिणाऱ्याला फोन करून पहिल्यासारखं लिहायला सांगावं. सदस्याच्या आक्षेपार्ह मेसेजमुळे, सामायिक हेतू किंवा पूर्वनियोजन नसेल तर, केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणी गुन्ह्याला जबाबदार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. त्यामुळे पोलिसांच्या भीतीने सगळीच नावं पुसायचं कारण नाही.

नियम बदलायचा तर ऑगस्टमध्ये बदलावा. उन्हाळ्यातल्या खरड छाटणीची कामं संपलेली असतात, फळछाटणी सुरू व्हायची असते, लोकांना वाचायला वेळ असतो. पहिले पंधरा दिवस दराचा एकही मेसेज काढू नये. फक्त टक्के, पाकीट, तारीख विचारत राहावं. दुकानात जो मुलगा काउंटरला बसतो त्याला दुसरा ॲडमिन करावं, कारण छाटणी सुरू झाल्यावर मालकाला दिवसभर फोन बघायला सवड मिळत नाही, आणि जीएचे प्रश्न सकाळी सातला, टाकी भरायच्या वेळी येतात.